हातोड्यांना कुंकू

नितेश अंघोळ करून बाहेर आला, डोकं पुसत पुढच्या खोलीत शिरला आणि टॉवेल तसाच डोक्यावर धरून उभा राहिला. सुगंधाला वाटलं, पोराला भरून आलं. येणारच. काम तसंच केलं होतं तिने.

खिडकीखालच्या टेबलावर, जिथे गणपतीपर्यंत टीव्ही होता, तिथे आंबोलीच्या टेक्ला आंटीच्या पियानोचं पोटातलं सगळं मांडून ठेवलेलं होतं. नितेश त्याला ॲक्शन म्हणायचा, घरातले बाकी सगळे सापळा म्हणत. लांबलचक लाकडी चौकट, तिच्यात पट्ट्या, रेशमी दोरे, चामड्याचे तुकडे, केसासारख्या स्प्रिंगा आणि पुढे ओळीने उभ्या असलेल्या हातोड्या. पियानोच्या पट्टीवर बोट पडलं की यातली एक हातोडी उठते आणि तारेवर जाऊन आपटते, एवढं सुगंधाला माहीत होतं. प्रत्येक हातोडीचं डोकं दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं. आणि आज, दसऱ्याच्या सकाळी, त्या अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी डोक्यांवर ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर ठसठशीत कुंकू लागलेलं होतं.

"आई," नितेश म्हणाला, "हे काय केलंस गं?"

"पूजा केली. आवडली नाही तुला?"

तो टेबलाशी गेला, वाकला, एका हातोडीला नखाने हलकेच टोचून बघितलं. नख लाल झालं.

"आत मुरलंय," तो म्हणाला, आणि ते सुगंधाला सांगितल्यासारखं नव्हतं.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा सुगंधाने एकही वर्ष चुकवली नव्हती. विळी, शिलाई मशीन, नवऱ्याचा, जयवंतचा, गिरणीतल्या मागावरचा जुना धोटा. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, पण धोट्याला दर दसऱ्याला झेंडू मिळाला. आज सगळे उठायच्या आधी ती तबक घेऊन नितेशच्या टेबलाशी आली, तेव्हा तिच्या मनात एकच टिळा लावायचा होता. पहिल्या हातोडीला लावलाही. मग निरांजनाच्या उजेडात तिचं लक्ष त्या ओळीकडे गेलं आणि ती बघतच राहिली. इकडून तिकडे नुसती डोकी, डावीकडे थोराड, उजवीकडे होत होत अगदी चिमुकली, प्रार्थनेला उभी केलेली शाळाच जशी. एकीला लावायचं आणि बाकीच्यांना वगळायचं, हे तिच्याने होईना. ती लावत गेली. माणसाने एवढं बारीक काही केलं असेल आणि ते आपल्या पोराला खोलता-जोडता येत असेल, हे त्या सकाळपर्यंत तिच्या डोक्यात नीट शिरलंच नव्हतं.

आता कुंकवाने भरलेला तो हात पदरात लपवून ती उभी होती.

आवाज ऐकून स्वयंपाकघरातून श्रुतिका आली. नितेशची बायको, मुळात कमी बोलणारी. तिने टेबलाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "रविवारी आंटींचा भाऊ येणार ना कॅनडाहून? उद्या द्यायचंय हे!"

"उद्याच," नितेश म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून सर्वेश आत आला. धाकटा. बँकेत नोकरी, मुलुंडला फ्लॅट, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. त्याने एक नजर टाकली आणि शिट्टी वाजवली. "वाट लागली ना यार, दादा."

"हळू बोल," श्रुतिका म्हणाली. "बाबांना कळेल."

बाबांना ऐकू जायची भीती या घरात नव्हती. गिरणीच्या मागखात्यात इतकी वर्षं मागांच्या खडखडाटात काढून जयवंतचे कान गेले होते. पण डोळे शाबूत होते. खुर्चीतून उठून तो टेबलाशी आला, चष्मा वर केला, कुंकवाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग थोरल्या मुलाकडे. आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झाला. देवान सांगल्यान. आवशीच्या हातान सांगल्यान. आणि काय व्हया तुका?"

हे कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतीत भरल्या घरात नितेशने सांगितलं होतं की पियानो कंपनीतली नोकरी सोडली, आता स्वतःचं काम करणार. लग्नाच्या आधीपासूनची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, वर एसी. जयवंतने तेव्हा एवढंच ठरवून दिलं: पहिलं काम होऊ दे, गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने बरं म्हणू दे, नाहीतर दिवाळीच्या आत मुकाट कंपनीत जायचं. कंपनीचे साहेबही तोवर जागा ठेवतो म्हणाले होते. नितेशने मान हलवली होती. पण खरी गोष्ट पुढची. या घरात नवं काही सुरू झालं की घरातल्या वडीलधाऱ्याने देवापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी गावापासूनची रीत. जयवंतने सर्वेशच्या नोकरीला गाऱ्हाणं घातलं, गाडीला घातलं, इतकंच काय, फ्रीजला घातलं. नितेशच्या धंद्याला घातलं नाही. आरती संपली, नितेश हात जोडून वाट बघत राहिला आणि जयवंत प्रसाद वाटायला लागला. सुगंधाच्या काळजात ते अजून रुतून बसलेलं होतं.

"बाबांचं बरोबर आहे," सर्वेश म्हणाला. "दादा, राग मानू नको, पण कोण ठेवतं रे आता असे जुने पियानो? तू आंटीला फोन कर, सांग अडचण आली. आणि सोमवारी साहेबांना भेट. काय बिघडलं?"

"आणि आईंना तरी कुठे पसंत होतं हे?" श्रुतिका म्हणाली. "पहिल्यापासून एक शब्द नाही बोलल्या त्या. आणि आज नेमकं..."

"नेमकं काय गं?" सुगंधा म्हणाली. "मुद्दाम केलं म्हणतेस मी?"

श्रुतिका पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. ते पाठ फिरवणं सुगंधाला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. एवढी वर्षं ती नवरा आणि मुलगा यांच्या मध्ये उभी राहिली होती, दोघांनाही वाटायचं ती आपल्या बाजूची. आता दोघांनाही ती दुसऱ्या बाजूची वाटत होती. तिला रडू आलं आणि सणाच्या दिवशी रडायचं नाही म्हणून रागही आला.

"मला बोलता येत नाही तुमच्यासारखं," ती म्हणाली. "मला ते आवडलं. फार आवडलं. म्हणून लावलं."

नितेशने तिच्याकडे बघितलं. मग तो खुर्ची ओढून भिंतीवरच्या पंख्याखाली गेला, पंखा टेबलाकडे वळवला, आणि बॅगेतून लाकडाच्या पट्ट्या काढल्या. त्यांना एका बाजूने पॉलिश पेपर चिकटवलेला होता.

"वाळू दे आधी. मग घासून काढू," तो म्हणाला. "मी खरं तर वरवरच घासणार होतो, चरे जाण्यापुरतं. आता थर काढावा लागेल. प्रत्येकीचा सारखा. एकीचा जास्त गेला की ती वेगळी बोलणार. आई, तू बस माझ्यासमोर. मागून धरायचं, हलू द्यायचं नाही."

"मी?" सुगंधा म्हणाली. "माझा हात लागू देतोस अजून?"

"तुझ्या ओळखीच्या झाल्यात त्या सगळ्या. बस."

मग सबंध दिवस ती धरत होती आणि तो घासत होता. दाराला तोरण लागलं, श्रुतिकाने पुऱ्या तळल्या, कुणी जेवलं, कुणी नुसतं श्रीखंड चाटलं. सुगंधाच्या दोन बोटांमध्ये हातोडीची मान आणि समोर नितेशचं खाली वाकलेलं डोकं. कानशिलाशी पांढरे केस आलेले तिला पहिल्यांदा दिसले. पट्टी खालून वर जायची, मग दुसऱ्या बाजूने खालून वर, टोकाशी आली की अलगद सुटायची. लाल थर सुटायचा, मग पिवळा, मग मळका, त्याखाली तारेने पाडलेले खोल चरे, आणि अगदी शेवटी स्वच्छ पांढरी लोकर वर यायची. दर वेळी ती यायची आणि दर वेळी सुगंधाला नवल वाटायचं.

"किती वर्षांची रे ही लोकर?"

"आंटीच्या आजीच्या वेळची. पुढे आंटीची आई वाजवायची."

"आणि अजून पांढरी?"

"आत असतेच." त्याने एक हातोडी बोटाने वर उचलून दाखवली. ती पुढे गेली, परत येताना मागच्या चामड्याच्या तुकड्याने तिला अलगद झेललं आणि ती तिथेच थांबली. "हे झेलणं नसलं ना, तर ती आपटून परत तारेवर जाईल. एकाला दोन आवाज येतील."

सुगंधाने स्वतः एक उचलून बघितली. पुन्हा उचलून बघितली. सोडली की झेलली जायची.

"कंपनीत शेवटी शेवटी मला काय काम होतं माहितेय?" नितेश खालमानेने म्हणाला. "जुना पियानो बघायला जायचं आणि सांगायचं, भंगार आहे, नवीन घ्या. आंटीला मीच सांगितलं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून, चहा पिऊन. परत येताना व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो आणि मला उलटी झाली गं. खोटं बोललो होतो. त्याला काहीच झालं नव्हतं. कुणी हात लावायला हवा होता, बस. नोकरी सोडली आणि आधी परत त्यांच्याकडेच गेलो."

हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सुगंधाची बोटं क्षणभर सैल पडली.

"हलू देऊ नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वेशच्या गाडीत मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला सापळा आडवा ठेवला, आणि त्याच्या एका बाजूला कशीबशी सुगंधा मावली. पुढे जयवंत. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गिऱ्हाईक काय म्हणतं ते मी माझ्या कानान ऐकतलंय, असं तो म्हणाला, आणि त्याचे कान म्हणजे सुगंधा, त्यामुळे तिलाही जावं लागलं. नितेश मोटारसायकलवर पुढे गेला होता. जोगेश्वरीहून आंबोलीपर्यंत सर्वेश एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. "आई, तिथे कुंकवाचं काढायचं नाही. कळलं ना? दिसत नाहीये आता. दादाचं सगळं याच्यावर आहे. गप्प बसायचं."

एवढे दिवस बापाची री ओढणारा हा आता दादाची काळजी करत होता. सुगंधाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण हो म्हणाली नाही.

आंबोलीच्या गावठाणात टेक्ला आंटीचं बैठं घर. लाकडी व्हरांडा, दारात क्रूस, कुंड्यांत तुळस आणि गुलाब. आंटी ऐंशीच्या घरातली, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, आवाज बाजारात चालेल असा. "या, या. सगळी फॅमिली आणली? बसा. माझा भाऊ रविवारी येतोय, मी सांगितलं त्याला, आपण दोघांनी वाजवायचं, लहानपणी वाजवायचो तसं. चार हातांचं. आता हा मुलगा काय करतो बघू."

नितेशने सापळा आत बसवला, स्क्रू आवळले, आणि मग सुरात लावायला घेतलं. तारांच्या मध्ये फेल्टचा, तसल्याच दाबलेल्या लोकरीचा, तुकडा अडकवायचा, पाना तारेच्या खुंटीवर बसवायचा, पट्टी ठोकायची, ऐकायचं, पाना केसभर हलवायचा. पुन्हा ठोकायची. लग्नाआधीपासून मुलगा हेच करत होता आणि सुगंधाने ते आज पहिल्यांदा पाहिलं. एक स्वर बिघडलेला असला की त्याच्यात लाटा यायच्या, वांव वांव वांव करत. पाना हलला की लाटा सावकाश होत जायच्या, लांबत जायच्या, आणि मग एकदम शांत होऊन नुसता सरळ आवाज उरायचा. ते झालं की तिच्या अंगावर काटा येत होता. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना येतो तसा. ती पदर सावरून ताठ बसली.

जयवंतला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो थोडा वेळ बसला, मग कंटाळून उठला आणि पियानोच्या कडेला गेला. नितेश डावीकडच्या जाड तारांवर आला होता. जयवंतने पियानोच्या लाकडावर तळहात ठेवला. माग चालू असताना त्याच्यावर ठेवायचा, तसाच.

नितेशने पट्टी ठोकली.

"थरथरता हा," जयवंत म्हणाला.

नितेशने चमकून वर बघितलं. पाना हलवला, पुन्हा ठोकली.

"अजून थरथरता. पण सावकाश." त्याचे डोळे मिटलेले होते. "अजून... अजून... थांब! थांबला. आता सरळ झाला."

झाला होता. सुगंधाला ऐकू आला, नितेशला ऐकू आला, आणि ज्याचे कान गेलेले त्याने तो हाताने ओळखला होता. पुढच्या तारेला नितेशने काही न बोलता बापाकडे बघितलं, आणि जयवंतने हात तसाच ठेवून मान हलवली, लाव. मग कितीतरी वेळ ते दोघं तसेच होते. एक ठोकायचा, दुसरा डोळे मिटून सांगायचा. या दोघांना एवढा वेळ भांडणाशिवाय एकत्र राहिलेलं सुगंधाने कधी पाहिलं नव्हतं. सर्वेश मोबाइल खिशात घालून बघत बसला होता.

मग आंटी बसली. वाकडी झालेली बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि वाजवायला लागली. सुगंधाला ते गाणं कुठलं ते कळलं नाही. फरशीतून, खुर्चीच्या पायांतून ते तिच्या पोटात शिरलं एवढं कळलं. तिने बोटांत धरलेल्या त्या एकेक माना आत उठत होत्या, झेलल्या जात होत्या. तिचे डोळे वाहायला लागले आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

आंटी थांबली. आणि सुगंधा म्हणाली, "बाई, एक सांगायचंय. काल मी याला कुंकू लावलं."

"आई!" सर्वेश म्हणाला.

"सगळ्या हातोड्यांना. ओलं. मला कळलं नाही. याने दिवसभर बसून काढलं. पण तुम्हाला न सांगता जायला मला जमत नाही."

आंटीने चष्मा लावला. नितेशने वरचं झाकण उघडून टॉर्चचा उजेड पाडला. अगदी डावीकडच्या पहिल्या हातोडीच्या लाकडावर कुंकवाचा एक ओघळ राहिलेला होता. आंटी त्याच्याकडे बघत राहिली. मग आंटीने नितेशला खूण केली, "खालची फळी काढ." खालची फळी निघाली. आत, पायाने दाबायच्या पायट्यांच्या मागे, कोपऱ्यात वाळून तपकिरी झालेला झावळीच्या पातीचा क्रूस होता.

"पाम संडेला चर्चमध्ये देतात तो," आंटी म्हणाली. "माझे मम्मीने ठेवलेला. पियानोला नजर नको म्हणून. मला वाटलेलं, खोलताना गेला असणार कचऱ्यात."

"मला दिसला होता," नितेश म्हणाला. "काढला नाही."

"मग तुझे आईचं पण राहू दे. पुसू नको तो." आंटीने नाक पुसलं. "आणि आवाज... वरचे सूर टणटण करायचे इतकी वर्षं. आता मम्मीच्या वेळचे झाले. फक्त उजवा पायटा कुरकुरतो."

जयवंतने सुगंधाच्या दंडाला धरलं. "काय म्हणाली ती?"

सुगंधाने त्याच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. कुंकवाचं, क्रूसाचं, मम्मीच्या वेळच्या सुरांचं. पायटा कुरकुरतो तेही.

पियानोवर भिंतीला देव्हारा होता, क्रूस, त्याखाली लाल बल्ब आणि माळ. जयवंत त्याच्यासमोर गेला, सदऱ्याची बटणं नीट केली, हात जोडले, आणि गावठाणातली कुत्री भुंकायला लागतील अशा आवाजात त्याने सुरुवात केली.

"हे बा देवा म्हाराजा! जंय तू असशीत थंय, जे नावान असशीत ते नावान, आयक म्हाराजा!"

कुणाला क्षणभर काही उमजलं नाही. मग सुगंधाच्या तोंडून आवाज फुटला. "व्हय म्हाराजा."

"ह्या माझ्या झिलान नोकरी सोडून आपला काम मांडल्यान हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सर्वेशही उभा होता.

"तेच्या हाताक येस दी म्हाराजा! तेका दारोदार फिरव, पण मान खाली घालून फिरवू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आवशीन मायेन कुकू लायल्यान. चुकला आसात तर पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आंटीचाही आवाज होता, हात छातीशी, अगदी मनापासून.

जयवंत थांबला. एक हात सोडून त्याने पियानोच्या लाकडावर टेकला.

"आणि बापाशीन इतके दिवस तोंड धरून ठेवल्यान," तो म्हणाला, "ता पण पदरात घे म्हाराजा."

यावर कुणी काही म्हणेना. सर्वेशने मान खाली घातली. सुगंधाने नितेशकडे बघितलं. हा शब्द तिने काढायचा नव्हता. नितेश उघड्या पियानोपुढे गुडघ्यांवर बसलेला होता, पाना हातात. त्याने दोन्ही हात जोडले, पान्यासकट.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. जेमतेम ऐकू येईल इतकंच.

जयवंत वळला. त्याने मुलाचे हललेले ओठ पाहिले, मग घाबराघुबरा होऊन बायकोकडे बघितलं.

"तो काय म्हणालो?"

सुगंधाने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "व्हय म्हणालो!"